उशिरा आणलं

"फाइल कुठे आहे?"

"जाळली, साहेब."

"जाळली? कोणी?"

"आम्हीच. चितेवर ठेवली. तिच्याबरोबर."

डॉक्टर हसले. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. त्यांच्यासमोर औषध कंपनीचा माणूस बसला होता, गळ्यात टाय, मांडीवर बॅग. डॉक्टर त्याला गुजरातीत म्हणाले, "आ लोको आवा ज होय." म्हणजे, ही माणसं अशीच असतात. तोही हसला. त्याला हसावंच लागलं असेल, त्याचा माल तिथे खपायचा होता. मला गुजराती कळणार नाही असं दोघांना वाटलं. मी तलासरीच्या आश्रमशाळेत शिकले. तिथल्या बाजारात भाजी घ्यायची तरी गुजराती लागते. मला शब्द न शब्द कळला.

मी उभी होते. टेबलापुढे दोन खुर्च्या. एकीवर तो, दुसरीवर त्याच्या औषधांचा खोका. माझ्या चपला केबिनबाहेर होत्या. तशी पाटी कुठे नव्हती, पण पाड्यावरून आलेली बाई दिसली की दारावरचा माणूस न चुकता सांगायचा, चपला बाहेर. कंपनीवाल्याचे बूट मात्र आत होते. थंड लादीवर माझे पाय गारठले होते आणि मी त्या बुटांकडे बघत होते.

"तू आशा वर्कर ना?" डॉक्टर म्हणाले. "मग तुला काय शिकवायचं? चार दिवस पोरीचं पोट दुखत होतं. भगताकडे फिरवली असणार. आमच्याकडे आली तेव्हा आत सगळं सडलेलं. उशिरा आणलंत तुम्ही. आता मला काय विचारतेस?"

"साहेब, त्याच दिवशी सकाळी..."

"कागद आण. कागद नाही तर बोलायचं नाही."

त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला. माझी बहीण जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते. मी चपला घालून रस्त्यावर आले आणि मला राग आला नाही. खरं सांगते, आला नाही. लाज वाटली. मोठा माणूस हसला म्हणजे हसण्यासारखंच काहीतरी आपण केलं असणार, हे आमच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं आहे. बसमध्ये बसल्यावरही मी स्वतःलाच शिव्या देत होते.

दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण चालू आहे. नाव तिथल्या कागदांवर आहे, तेवढं पुरे.

मी सायवनकडच्या एका पाड्यावर आशा आहे. घरोघरी जायचं, गरोदर बाया लिहायच्या, पोरांना सुया द्यायला गोळा करायचं, आजारी माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत न्यायचं. म्हाताऱ्या बाया मला घाबरतात. मी दारात दिसले की म्हणतात, आली, आता दवाखान्यात चला म्हणणार. आणि मी तेच म्हणते. वेळ घालवू नका, दुखणं अंगावर काढू नका, चला. इतकी वर्षं हेच बडबडत आले. आणि त्याच मला तो डॉक्टर म्हणाला, उशिरा आणलंत.

आता भगताचं सांगते. भगत आमचा आहे, लपवायचं काय त्यात? आईला कणकण आली तर ती आधी त्यालाच हाक मारते. पण आमचा भगत स्वतः बीपीची गोळी माझ्याकडून नेतो. गोळी संपली की माझ्या दारात येऊन बसतो आणि मी दिली नाही तर रुसतो. आणि बहिणीचं पोट दुखायला लागलं त्या मंगळवारी तो पाड्यावर नव्हताच. नात्यातल्या लग्नाला गेला होता.

बहिणीचं नाव जयवंती. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा ती आईच्या पाठीवर होती, मी आईच्या हाताला. तिला तलासरीकडे दिली. नवरा बोर्डीच्या चिकूवाडीत फळं उतरवायला जातो. पोर नऊ महिन्यांचं. त्याला गोवरची सुई द्यायची म्हणून ती माहेरी आली होती. सोमवारी अंगणवाडीत लसीकरण होतं. पोर रडलं आणि ही हसली. माझ्या यादीतल्या ज्या बाया आल्या नव्हत्या त्यांना हीच हाका मारत फिरली. संध्याकाळी विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन आली. चार दिवस पोट दुखणारी बाई!

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास तिला कळ आली. आधी बेंबीशी, मग उजवीकडे खाली. एक उलटी झाली. अशी कळ असली तर थांबायचं नाही, हे मला प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. मी जीप बघायला धावले. जीप मिळायला थोडा वेळ लागला, तेवढ्यात आईने तिला पेज पाजली. चार घोट. रिकाम्या पोटी लेक घराबाहेर पडू नये म्हणून. आमच्याकडून झालेला उशीर तो काय एवढाच.

आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "अपेंडिक्स वाटतंय. ऑपरेशन लागेल. आजच न्या," म्हणाले आणि चिठ्ठी दिली. कुठे न्यायचं ते मी ठरवलं. मी. तो खासगी दवाखाना सरकारी योजनेत होता. आधी तीन-चार बाया मी तिथे नेल्या होत्या, त्या बऱ्या होऊन आल्या होत्या. दुपारी एक वाजता आम्ही तिथे पोचलो.

काउंटरवर सिस्टरने कागद पुढे केले. "तू शिकलेली ना? मग तूच कर सही. इथे, इथे आणि इथे." मला बरं वाटलं. घरात अंगठे लावणारे सगळे, आणि सही करणारी मी. मी ऐटीत तीन सह्या ठोकल्या. एका कागदाचा वरचा अर्धा भाग कोरा होता. मला दिसला. मी विचारलं नाही. पेशंट आत घ्यायच्या वेळी जास्त शहाणपणा करायचा नाही, नाहीतर हाकलून देतात, हे मीच आजवर बायांना सांगत आले होते.

ऑपरेशन त्या दिवशी झालं नाही. बुधवारी सकाळी नाही. दुपारी नाही. "डॉक्टर बिझी आहेत." बुधवारी संध्याकाळी सहा वाजता तिला आत नेलं. मंगळवारी दुपारच्या एकपासून बुधवारच्या सहापर्यंत एकोणतीस तास. तेवढा वेळ ती गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडून होती. कण्हताना तोंडात पदर धरत होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्रास नको म्हणून.

गुरुवारी ताप चढला. शुक्रवारी पोट टम्म फुगलं. मी सिस्टरला पाच वेळा सांगितलं. "गॅस आहे. चालव तिला." आम्ही चालवलं. एका बाजूने मी, एका बाजूने आई. जयवंती म्हणाली, "ताय, नको ना. आत काय तरी फाटतंय."

मी तिच्यावर ओरडले. "सिस्टर सांगतात तर गप चाल."

तिच्याशी माझं शेवटचं धड बोलणं हे. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे.

दोन दिवस डॉक्टर फिरकले नव्हते. शनिवारी आले, पोटावरची चादर वर केली, आणि अर्ध्या तासात आम्हाला गाडीत घालून गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात पाठवून दिलं. तिथे रविवारी सकाळी ती गेली. तिथले एक वयस्कर डॉक्टर बाहेर आले, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बेन, पोटभर पू होता. हे फार आधी बघायला पाहिजे होतं." लिहून द्या, असं म्हणायचं मला सुचलं नाही. मग कोणीतरी विचारलं, पोस्टमॉर्टेम करायचं का? तिचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. तिचा सासरा म्हणाला, "आता तरी तिला फाडू नका." मीही मान हलवली. मला फक्त तिला घरी न्यायचं होतं.

आमच्या पाड्यावर माणूस गेलं की त्याचं दुखणं मागे ठेवत नाहीत. त्याची चटई, अंगावरचे कपडे, उरलेली औषधं, सगळं त्याच्याबरोबर देतात. दुखण्याने घरात परत वाट काढू नये म्हणून. आई एकेक वस्तू बाहेर आणत होती. फणी. हिरवी साडी. गोळ्यांची पाकिटं. मग फाइल. फाइल तिने माझ्या हातात दिली. मी कोण, तर आशा. कागद जपा, कार्ड जपा, म्हणून घरोघरी ओरडणारी. मी ती फाइल माझ्या हाताने जयवंतीच्या पायाशी ठेवली. सोनोग्राफीचे फोटो वाकडे होत होत जळाले, काळा धूर आला. तेव्हा मला बरंच वाटलं. गेलं एकदाचं, असं वाटलं.

तिचं शरीर गेलं, कागद गेले. पुरावा मिटवायला दवाखान्याला काहीच करावं लागलं नाही. त्यांचं काम आम्हीच करून दिलं.

त्यानंतर सतराव्या दिवशी मी त्या केबिनमध्ये उभी होते. घरी आले तर आई जयवंतीच्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. "काय बोलला डॉक्टर?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. "उशिरा आणलं म्हणतात."

आईचा हात पोराच्या पाठीवर थापटत होता तो थांबला. मग म्हणाली, "मीच उशीर केला, बाय. पेज पाजत बसली."

त्या दिवशी मला राग आला. केबिनमध्ये आला नाही तो राग तिथे, चुलीशेजारी आला. एवढा की मला उठून बाहेर जावं लागलं. एक माणूस गार केबिनमध्ये बसून दोन शब्द बोलतो. बोलतो आणि विसरतो. आणि ते दोन शब्द वीस-पंचवीस मैल येऊन एका म्हातारीच्या उरावर बसतात. तिने लेकीला जन्म दिला, तिला पाठीवर घेऊन दुसऱ्याच्या शेतात लावणी केली, आणि आता ती म्हणते, मी मारली. चार घोट पेजेने! आणि मी, शिकलेली, त्या माणसासमोर मान खाली घालून उभी राहिले होते. माझी मला किळस आली.

तिचा नवरा आणि त्याच्या गावचे पंधरावीस जण टेम्पो करून निघायला तयार होते. दवाखान्याच्या काचा फोडू म्हणाले. मलाही वाटलं, फोडा. एक क्षण अगदी मनापासून वाटलं. पण काचा फुटल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी बातमी काचांची आली असती आणि जयवंती त्या बातमीत कुठेच नसती. पोरं आत गेली असती ती वेगळीच. मी टेम्पोच्या पुढे जाऊन उभी राहिले. मला खूप शिव्या पडल्या. डॉक्टरची चमची म्हणाले. ऐकून घेतलं.

डहाणूच्या कोर्टात गरिबांना मोफत सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई आहेत. तिथे गेले. मी रडत रडत सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "आता घरी जा आणि हेच सगळं लिहून काढ. वार, वेळ, कोण काय बोललं. आठवतंय तोवर. महिन्याभराने आठवण तुला फसवेल."

फाइल जळल्याचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "जळली ती तुमच्याकडची. दवाखान्याचं रेकॉर्ड दवाखान्यातच असतं. लेखी मागितलं की बहात्तर तासांत त्याची प्रत द्यायची, असा नियम आहे. उपकार नाही करत ते." मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं लोकांना दवाखान्यात नेते आहे आणि मला हे कुणी शिकवलं नव्हतं. सुई कधी, गोळी कधी, सगळं शिकवलं. पेशंटचा हक्क काय, हे नाही.

त्यांनी खोटा धीर दिला नाही. "पोस्टमॉर्टेम करायला पाहिजे होतं. शंका आली तर अंत्यविधीआधीच मागायचं असतं. ते आता परत येत नाही," असं स्पष्ट सांगितलं. आणखी एक सांगितलं, ते मला तेव्हा कडू लागलं. "पेशंट गेला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असं नसतं. आधी कागद. मग ते कागद दुसऱ्या जाणत्या डॉक्टरला दाखवायचे. तो चूक म्हणाला तर मग तक्रार. वैद्यकीय परिषद आहे, ग्राहक आयोग आहे. पण कागदाआधी तक्रार केलीस तर ते तुला उडवून लावतील."

अर्ज जयवंतीच्या नवऱ्याच्या नावाने केला, कारण वारस तो. त्याने मला अधिकार दिल्याचं पत्र जोडलं. दोन प्रती. एक त्यांना, एकीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घेऊन आपल्याकडे. पहिल्या दिवशी शिक्का मारणारा माणूस जेवायला गेला होता. दुसऱ्या दिवशी शिक्का कपाटात होता आणि किल्ली कुणाकडे ते ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले आणि बाकावर बसले. संध्याकाळी चारला शिक्का सापडला.

बहात्तर तास झाले. दवाखान्यातून फोन आला, कागद तयार आहेत, या. मी गेले. काउंटरवर क्लार्कने पाकीट पुढे सरकवलं आणि त्यावर एक छापील कागद ठेवला. "पोच दे. इथे सही." बोटसुद्धा ठेवलं होतं त्याने जागेवर.

या वेळी मी वाचलं. सावकाश. हॉलमध्ये पंचवीस-तीस पेशंट बसले होते. मी मुद्दाम मोठ्याने वाचलं. "सर्व कागदपत्रे मिळाली. उपचाराबाबत आमची कोणतीही तक्रार नाही."

बाकांवरच्या माना वळल्या.

"पहिली ओळ ठेवा. दुसरी खोडा. मग सही करते," मी म्हटलं.

"असं नसतं. छापील आहे ते."

"छापील खोटंसुद्धा खोटंच असतं. मी करणार नाही सही."

क्लार्क आत गेला. डॉक्टर स्वतः बाहेर आले. एवढ्या माणसांसमोर आवाज चढवता येईना म्हणून हळूच बोलले, "तू आशा आहेस, हे विसरू नको."

"आशा आहे म्हणूनच विचारते, साहेब. उद्या पाड्यावरच्या बाया मला विचारतील."

त्यांनी पाकीट उचललं आणि आत गेले. मी रिकाम्या हाताने घरी आले. पण त्या दिवशी बसमध्ये मी स्वतःला शिव्या दिल्या नाहीत.

आठवड्याभरात आरोग्य खात्यातल्या वरच्या एका साहेबांनी मला बोलावलं. दवाखान्यांशी आपलं रोजचं काम असतं, म्हणाले. असे वाद घातलेस तर उद्या तुझ्या पेशंटला कोण दारात घेईल? आणि आशा काय, दुसरीही मिळते. साहेब प्रेमानेच बोलले. चहासुद्धा दिला. हे काम गेलं तर मला भीती घरच्या चुलीचीही होती, खोटं का बोलू. पण त्याहून जास्त भीती होती ती दुसरी. माझ्या नादाने खरंच कुणा बाईला दारातून परत पाठवलं तर? त्या भीतीने मी पंधरा दिवस गप्प बसले. वकीलबाईंचे फोन घेतले नाहीत.

त्या पंधरा दिवसांत आईने जेवण निम्म्यावर आणलं. भरवायला गेलं की म्हणायची, मला कशाला, मी लेक खाल्ली. सोळाव्या दिवशी मी वकीलबाईंना फोन केला.

त्यांची नोटीस गेली आणि कागद पोस्टाने आले. इंग्रजीत होते. त्यांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. पोटदुखी चार दिवसांपासून. गावात भगताकडून उपचार. रुग्ण उशिरा आणला. नातेवाइकांना धोक्याची पूर्ण कल्पना दिली. खाली माझी सही. माझीच, ऐटीत केलेली, खाली रेघ ओढलेली. वर जो अर्धा भाग कोरा होता तो आता भरलेला होता.

मी वकीलबाईंच्या टेबलावर डोकं ठेवलं. बहिणीला तिथे नेणारी मी, तिच्यावर ओरडणारी मी, आणि तिच्या मरणाचा खोटा दाखला सहीनिशी देणारीही मीच.

वकीलबाईंनी ते कागद सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका सर्जनना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. म्हणाले, "सगळं या एका ओळीवर आहे. चार दिवस हे खरं असेल, तर दवाखान्याला फार दोष देता येणार नाही. त्याच दिवशी आणली असेल, तर या एकोणतीस तासांचं आणि नंतरच्या दोन दिवसांचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. पण त्याच दिवशी आणली याला पुरावा काय?"

पुरावा चितेवर गेला होता, तो म्हणजे आरोग्य केंद्राची चिठ्ठी. मग माझ्या डोक्यात एकदम आलं. मी स्वतः त्या केंद्रात दर आठवड्याला बसते. तिथे आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद वहीत होते. नाव, वय, तक्रार, केव्हापासून. ती वही कोणी चितेवर ठेवलेली नव्हती.

तरुण डॉक्टरांकडे लेखी अर्ज दिला. ते कचरले. नोकरी नवी, बदली हातात नाही. दोन दिवस त्यांनी तो अर्ज टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली आणि नोंदीची प्रत सही-शिक्क्यासह हातात ठेवली. जिवावर आलं असेल त्यांच्या, पण दिली. वेळ दहा चाळीस. नाव जयवंती. पोटात दुखणे, आज सकाळपासून. उलटी एक.

आज सकाळपासून. हे शब्द मी परत परत वाचले. केंद्राच्या ओट्यावर बसून, लोक बघत होते तरी, मी मोठ्याने रडले. खरं सरकारी वहीत लिहिलेलं होतं, आणि मी त्या वहीजवळून दर आठवड्याला जात-येत होते.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. त्यात माझी चूकही लिहिली, वकीलबाई नको म्हणत होत्या तरी. सही माझी आहे. मी केली तेव्हा वर कोरं होतं. न वाचता, कोऱ्यावर सही केली ही माझी चूक. वरचं खोटं त्यांचं आहे.

आता तारखा पडतात. कधी त्यांचे वकील येत नाहीत, कधी कागद कमी पडतो. मी काम सोडलेलं नाही आणि मला अजून कोणी काढलेलं नाही. पाड्यावरच्या बाया अजून दवाखान्यात जातात, मीच नेते. भगताकडे जा, असं मी कुणाला सांगणार नाही. पण आता मी खाटेजवळ उभी राहून विचारते. यात काय लिहिलंय, वाचून दाखवा. डॉक्टर कधी बघणार, वेळ सांगा. सिस्टर कंटाळतात. एक-दोघींनी तोंडावर सांगितलं, फार शिकलीस तू. मी म्हणते, हो.

गेल्या तारखेला आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुमची नेमकी मागणी काय?" मी म्हटलं, जे होईल ते तुम्ही ठरवा, पण 'उशिरा आणला' ही ओळ चूक आहे, असं लेखी पाहिजे. त्यांनी वर बघितलं. एवढंच? मी म्हटलं, एवढंच नाही, पण आधी ते.

कारण केंद्राच्या वहीतली नोंद मी आईला वाचून दाखवली होती. बोट ठेवून, अक्षर अक्षर. आई, बघ, आज सकाळपासून. आपण वेळेवर नेलं. आईने ऐकलं. मग म्हणाली, "हा बारका डॉक्टर. तो मोठा बोलला ना, उशीर झाला म्हणून. मोठा माणूस कशाला खोटं बोलेल?"

त्या माणसाने माझ्या बहिणीबरोबर आणखी एक जीव घेतला आहे आणि तो जीव अजून श्वास घेतोय, माझ्या घरात. आई थकली. तिची नजर मंदावली, ऐकू कमी येतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती असेल की नाही, सांगता येत नाही. वकीलबाई म्हणतात, अशी प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात, मन घट्ट कर. हरलीस तर वरच्या आयोगाकडे जाऊ. मी म्हटलं, जाऊ. ज्याने आईला लेकीची मारेकरी ठरवलं, त्याच मोठ्या माणसाचं खोटं शिक्क्यासकट कागदावर आलं पाहिजे, आणि ते मी तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचणार आहे. ती जिवंत असताना. नसेल तर तिच्या नातवाला वाचून दाखवेन, की तुझ्या आजीने तुझ्या आईला फक्त पेज पाजली होती. तारीख कितीही पुढे ढकला. मी हजर आहे.